पावसात साइटची माती ओढ्यात गेली. पोकलेन परत यायच्या आत काय ठरवून ठेवू?

कच्चा_रस्ता

मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, माफ करा. तुकड्यातुकड्याने विचारलं तर उत्तरंही तशीच येतील, म्हणून सगळं एकदम.

मी साइट इंजिनिअर. एकटीने सांभाळतेय असं हे दुसरंच काम. गावाबाहेर उतारावर चार खोल्यांची एकमजली इमारत, तिच्या खालच्या अंगाला रिटेनिंग वॉल (माती अडवून धरणारी भिंत) आणि डांबरी रस्त्यापासून साइटपर्यंत ३०० मीटर कच्चा रस्ता. जागा साधारण ६००० चौरस मीटर. खालच्या कुंपणापासून ४० मीटरवर ओढा. खालच्या वस्तीतले लोक त्यातून पाणी नेतात, गुरंही तिथेच उतरतात.

चूक कुठे झाली ते मला ठाऊक आहे. पोकलेन चार दिवसांसाठी भाड्याने आलं होतं. ठेकेदार म्हणाले, "मशीन उभंच आहे तर सगळी जागा एकदम मोकळी करून टाकू, दर वेळी कुठे बोलवत बसता?" मला पटलं. पाया एका कोपऱ्यात, पण गवत, झुडपं, वरची सुपीक माती असं सगळं चार दिवसांत खरवडून निघालं. सुपीक माती आणि खालचा मुरूम एकाच ढिगात गेले, तेही माझ्या डोळ्यांदेखत. साइट काय सुंदर दिसत होती! कॅरमबोर्डासारखी. मी फोटोही काढले.

आठव्या दिवशी दुपारी पाऊस आला. पाऊण तास पडला असेल. खालच्या कडेला मी हिरवी शेडनेट काठ्यांना बांधून ठेवली होती, कारण कुठल्याशा फोटोत तसं पाहिलं होतं. पाणी तिच्या खालून गेलं. जिथे खालून वाट मिळाली नाही तिथे नेटला पोट आलं, दोन काठ्या आडव्या झाल्या आणि उरलेलं सगळं त्या खिंडारातून. ओढ्याचा रंग बदलताना मी छत्री धरून बघत होते. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वस्तीतल्या एक आजी आल्या. प्लॅस्टिकची बाटली माझ्या टेबलावर ठेवली, "हे आमचं पाणी," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती बाटली मी हलवलेली नाही. पहिल्या पाच मिनिटांत तळाशी वाळू बसली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर एक मऊ, पिवळसर थर आला. आज तिसरा दिवस. वरचं पाणी अजूनही गढूळ. बाटलीमागे पेन धरलं तर दिसत नाही.

मशीन १० दिवसांनी परत येणार आहे, दोनच दिवसांसाठी. त्यात काय करून घेऊ? नेट काढून दुसरं काय लावू? गाळाचा खड्डा घ्यायचा तर केवढा? पुढे काँक्रीट सुरू झालं की मिक्सर धुतलेल्या पाण्याचं काय करतात? गेटपाशी एक जुनं मोठं झाड आहे, डंपर त्याच्या बुंध्याला घासूनच वळतात, तेही डोक्यात आहे. आणि मुख्य म्हणजे साइटवर २८ माणसं आहेत. त्यांना रोज पर्यावरणाचं प्रवचन न देता कामाची पद्धत कशी बदलायची?

"एवढं काय मनाला लावून घेता" म्हणणारे साइटवर पुरेसे आहेत.

बिनधास्त_बांधकाम

मनाला लावून घेऊ नका असं म्हणत नाही, पण पावसात ओढे गढूळ होतातच. तुमची साइट नसती तरी झाला असता. फारच वाटत असेल तर ओढ्यात तुरटी फिरवा, दोन तासांत पाणी नितळ. आम्ही पाण्याच्या टाकीत तेच करतो.

धुमस

आधी तुरटीचं बघू. टाकीत, मोजून, ठीक. वाहत्या ओढ्यात तुरटी फिरवायची म्हणजे एक घाण झाकायला दुसरी. तुरटीने पाणी आम्लाकडे झुकतं, अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरतं आणि ते माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही. पाणी नितळ दिसणं आणि पाणी चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता धागाकर्तीला. ताई, तुमची नेट कमजोर होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही चुकीच्या टोकाला उभ्या होतात. घाण खाली दिसते म्हणून सगळे खालून सुरुवात करतात. सुरुवात वरून करायची.

साइटच्या वर उतार किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. २ हेक्टर धरू. २५ मिलिमीटर पाऊस झाला तर त्या २ हेक्टरवर ५०० घनमीटर पाणी पडतं. तुमच्या ६००० चौरस मीटरवर पडतं १५०. वरच्या गवताळ जमिनीत त्यातलं पुष्कळ मुरतं हे कबूल, पण जोराचा पाऊस झाला की उरलेलं धावतच येतं. म्हणजे तुमची माती वाहून नेणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा तुमचा नाहीच. ते वरून चांगलं आलं, तुमच्या साइटवरून चालत गेलं आणि पाय बरबटून बाहेर पडलं. त्याला आतच येऊ देऊ नका. मग खालच्या खड्ड्याला फक्त तुमच्या स्वतःच्या १५० घनमीटरची चिंता.

म्हणून मशीनचा पहिला अर्धा दिवस साइटच्या डोक्यावर. वरच्या कडेने आडवा चर. उतार अगदी हलका, १०० मीटरला अर्धा ते एक मीटर. जास्त दिलात तर चर स्वतःच स्वतःला खणत बसतो. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला, बांध घालून, धुमसाने, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकळ्याने, बसवून. जिथे चराला उतरावंच लागतं तिथे दगडांचे छोटे आडवे ताल, म्हणजे पाण्याचा वेग मोडतो.

आणि चराचं पाणी ते पूर्वी जिकडे जात होतं तिकडेच सोडा, दगड पसरून, गवतावर. मी एकदा ते सोयीचं म्हणून शेजारच्या शेताकडे वळवलं होतं. पाणी अगदी स्वच्छ होतं. पण पसरून येणारं पाणी वेगळं आणि एका तोंडातून पडणारं वेगळं. त्याने शेताचा बांध फोडला. तो परत घालून द्यायला माझी चार माणसं सहा दिवस लागली होती, आणि त्या शेतकऱ्याने मला त्यानंतर कधीही नमस्कार केला नाही.

मग खालची बाजू. गाळ अडवायचं कापड मिळतं, विणलेलं, जिओटेक्स्टाइल. लोकांना वाटतं ती गाळणी आहे. नाही. पाणी त्याच्यामागे तुंबतं, तुंबलं की थांबतं, थांबलं की माती खाली बसते. कापडाचं काम पाण्याला थोपवण्यापुरतं. म्हणून ते समपातळीत लावायचं, नाहीतर पाणी कापडाच्या कडेकडेने पळत सगळ्यात खालच्या कोपऱ्यावर जमतं. खालची कड १५ सेंटीमीटर खोल चरात गाडून वर माती ठोकायची. दोन्ही टोकं उताराच्या वरच्या दिशेला वळवायची. दोन खुंटांमधलं अंतर दोन मीटरच्या आत. ओघळीत आडवं कधीही लावायचं नाही. तुमच्या नेटला पोट आलं ती जागा जाऊन बघा, तिथे ओघळच असणार. उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गाळ चढला की काढायचा.

खड्ड्याचं उत्तर तुमच्या टेबलावर आहे. वाळूला मिनिटं, पोयट्याला (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) तास, चिकणमातीला दिवस. कणाचा व्यास अर्धा झाला की बसायचा वेग एक चतुर्थांश होतो. २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण १० सेंटीमीटर खाली यायला जवळजवळ ८ तास घेतो, तेही पाणी निपचित पडलेलं असेल तर. खड्ड्यातलं पाणी निपचित नसतं, एकीकडून येत असतं आणि दुसरीकडून जात असतं. तेव्हा खड्डा घ्या, लांबट घ्या, पाणी एका टोकाला येऊ दे आणि दुसऱ्या टोकाला दगडांवरून बाहेर पडू दे, रुंदीच्या तिप्पट तरी लांबी ठेवा. पण त्याच्याकडून चिकणमातीची अपेक्षा ठेवू नका. चिकणमाती एकदा पाण्यात मिसळली की ती ओढ्याचीच. ती जमिनीवरून उठूच नये हे बघा.

त्यासाठी: पुढचे १५ दिवस जिथे हात लागणार नाही ती सगळी उघडी जागा वाळलेल्या गवताने झाका. जमीन दिसता कामा नये. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हाच कण सुटतो. तो गवताच्या काडीवर आपटला की त्याची मस्ती तिथेच उतरते. आणि उतारावर पोकलेन उभं चालवा, वर-खाली. आडवं नाही. उभं चालवलं की साखळीच्या दात्यांच्या खुणा आडव्या पडतात, उतारभर हजारो बारक्या पायऱ्या होतात. आडवं चालवलंत तर त्याच खुणा उभ्या पडतात आणि प्रत्येकीची ओघळ होते. ऑपरेटर कुरकुर करेल, कारण मागे बघत उतरावं लागतं. उतार फार उभा असेल तर मात्र त्याचं ऐका.

माती आणि मुरूम एकत्र झाले ते झाले. अजून खरवडायची बाकी असेल तिथे वरची १५–२० सेंटीमीटर माती वेगळी काढा, ओली असताना नको, ढिगाची उंची दोन मीटरच्या आत. काम संपल्यावर तीच वर पसरायची आहे, आणि दाबून मेलेली माती पसरून काहीही उगवत नाही.

कच्चा_रस्ता

धुमस, दंडवत. आज वर चढून गेले. २ हेक्टर नाही, ३ च्या आसपास असेल. आणि काय सांगू, वरून एक जुनी ओघळ सरळ आमच्या पायाच्या खड्ड्यात येते. गवतामुळे आधी दिसलीच नव्हती. आता गवत खरवडल्यावर अगदी बोट दाखवल्यासारखी दिसते. नेट पडली तीसुद्धा तिच्याच रेषेत.

तळमळ_तळ्याची

मी मत्स्यतळी सांभाळतो, बांधकामातलं कळत नाही, पण मिक्सर धुतलेल्या पाण्याचा प्रश्न कुणी उचलला नाही म्हणून लिहितोय.

गाळ दिसतो, म्हणून आजी बाटली घेऊन आल्या. सिमेंटचं पाणी नितळल्यावर दिसत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना सुटतो, आणि ताज्या काँक्रीटच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे मधोमध) १२ च्या वर जातो. पीएच ९ ओलांडला की माशांची अडचण सुरू होते. आता कुणी म्हणेल, ओढ्यात किती पाणी आहे, पातळ होईल. पीएचची एक पायरी म्हणजे दहापट. १२ वरून ९ वर यायला तीन पायऱ्या, म्हणजे हजारपट पाणी. मिक्सर आणि अवजारं धुवायला २०० लिटर लागले तर साध्या गणिताने २,००,००० लिटर. नैसर्गिक पाण्यात थोडी पचवायची ताकद असते, म्हणून प्रत्यक्षात काहीसं कमी लागेल, पण त्या ताकदीवर विसंबून मी एक तळं घालवलंय. वरच्या अंगाला कुणाचं तरी प्लास्टर चाललं होतं. सकाळी पाणी आरशासारखं आणि मासे सगळे वर, तोंडं उघडी.

लिटमस कागदाच्या लाल पट्ट्या घ्या. स्वस्त साधन आहे. एक पट्टी धुतलेल्या पाण्यात बुडवून माणसांसमोर धरा. गडद निळी झालेली बघितली की बोलायला लागत नाही. त्याच पाण्यात ते दिवसभर पाय घालून उभे असतात. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून काम केलं तर कातडी जळते, आणि जळताना लगेच कळतही नाही.

धुमस

तळ्यावाले बरोबर बोलतायत. आमची पद्धत सांगतो. ओढ्यापासून आणि चरापासून निदान १५ मीटर लांब, दोन बाय दोन मीटरचा, गुडघाभर खड्डा, आत जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद, कडा वर घेऊन दगडांनी दाबलेल्या. धुवायच्या आधी घमेली, फावडी, मिक्सरचा ड्रम कोरडंच खरवडून घ्यायचं. निम्मी घाण तिथेच संपते. वरचं पाणी पुढच्या धुण्याला परत वापरायचं, बाकीचं उडून जातं. तळाला दगड होतो. तो फोडून भरावात. कागद फाटलाय का ते दर वेळी बघा, फावड्याच्या टोकाने हमखास फाटतो.

क्युरिंगचंही, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरू देण्याचंही, ध्यानात ठेवा. पाइप सोडून देऊन पाणी मारलं की भिंतीवरून चुन्याचं पाणी सरळ चरात. गोणपाट गुंडाळा, ओलं ठेवा, वरून प्लॅस्टिक. साध्या सिमेंटला ७ दिवस, राखमिश्रित असेल तर आणखी. पाणी निम्म्याहून कमी लागतं आणि काँक्रीट उलट जास्त चांगलं मुरतं.

फळी_टाकणारा

मी मुकादम होतो, आता गुडघ्यांमुळे घरी. २८ माणसांचं विचारलंत ना ताई, तर एक विचारू? ती २८ माणसं सकाळी जातात कुठे?

दोन संडास नसतील तर तुमचा चर, तुमचं कापड, सगळं राहू द्या, ओढा त्याच्या आधीच खराब झालाय. २० माणसांमागे एक, म्हणजे तुम्हाला दोन. पाण्यापासून ३० मीटरच्या आत नको, आणि माझं ऐकाल तर वरच्या अंगाला, कुंपणाजवळ. लांब ठेवलेत की कुणी जात नाही, जवळ ठेवलेत की वास. मधली जागा माणसांनाच विचारा, ते बरोबर सांगतात. हात धुवायला पाणी ठेवा.

बाकी प्रवचन नकोच. मी रोज सकाळी खड्ड्याच्या काठावर सगळ्यांना उभं करायचो, पाच मिनिटं, आणि एकच विचारायचो: "आज दुपारी पाऊस आला तर काय वाहून जाईल?" पहिल्या आठवड्यात सगळे खाली बघतात. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "तो वाळूचा ढीग." मग त्यालाच ताडपत्री द्यायची. ज्याने सांगितलं त्याचं काम. डिझेल भरणाऱ्यालाही असंच. आमच्याकडे २०० लिटरचं पिंप उघड्या मातीवर ठेवलेलं असायचं, खाली काळा डाग. पिंप ज्यात ठेवायचं त्या हौदात पूर्ण पिंप मावून वर दहा टक्के जागा उरली पाहिजे, म्हणजे २२० लिटर. हे त्या पोराला सांगितलं तर म्हणाला, "मग पावसाचं पाणी भरेल त्याचं काय?" मला सुचलंच नव्हतं. वर पत्रा टाकला.

पाया खोदताना खोदलेली माती काठापासून मीटरभर लांब टाका. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, काठावर ठेवलीत तर ती काठासकट आत येते. खांद्याएवढ्या खोलीनंतर बाजू तिरक्या कापा, नाहीतर फळ्या लावून आधार द्या. पाऊस पडून गेला की कुणीही आपल्या मनाने आत उतरायचं नाही, आधी बघणारा एक माणूस नेमा. आणि संध्याकाळी जाताना खड्ड्यात एक फळी तिरकी लावून जायचं. रात्री बेडूक, साळू, कुत्र्याची पिल्लं पडतात. फळी असली की चढून जातात. मला हे माझ्या मुकादमाने शिकवलं, कारण तेव्हा वाटायचं की वेडेपणा आहे, आणि मग एकदा सकाळी खड्ड्यात साप होता. फळी कुणी लावली नव्हती. त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत काम बंद.

ओलसर_सावली

झाडाबद्दल. बुंध्याचा व्यास छातीच्या उंचीवर मोजा आणि त्याला १२ ने गुणा. तेवढ्या त्रिज्येत मशीन नाही, ढीग नाही, भराव नाही. बुंधा ६० सेंटीमीटर असेल तर ७.२ मीटर. लोकांना वाटतं मुळं खोल असतात, काही होत नाही. मुळांचा मोठा भाग वरच्या अर्ध्यापाऊण मीटरमध्ये असतो, कारण हवा तिथेच असते. डंपरने माती दाबली की ती हवा जाते. झाड मात्र लगेच मरत नाही. दोनचार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, तोपर्यंत बांधकामवाले केव्हाच गेलेले असतात आणि गावात चर्चा कीड लागल्याची.

बुंध्याला माती टेकली असेल तर हाताने काढा, मशीनने नको.

अवांतर: जनरेटर असेल तर तो मातीच्या ढिगाच्या मागे ठेवा, वस्तीच्या विरुद्ध बाजूला. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ढीग आडवा आला तर आणखी. ढीग तुम्हाला कुठेतरी घालायचाच आहे.

कच्चा_रस्ता

तीन आठवडे झाले. काय काय झालं ते सांगते, कारण मधे दोन पाऊस होऊन गेले.

मशीनचा पहिला अर्धा दिवस वर घातला. ठेकेदार माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांच्या घराचं छप्पर काढायला सांगतेय. "काम खाली आहे आणि मशीन डोंगरावर!" पोकलेनच्या ऑपरेटरने मात्र ओघळ बघितल्याबरोबर मान डोलावली. चर १४० मीटरचा झाला, जुन्या ओघळीला मधेच पकडून साइटच्या बाजूने वळवली आणि कुंपणाच्या खाली परत तिच्याच वाटेला लावली. उभं चालवायचं सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा कुरकुरला. धुमस, तुम्ही त्याला ओळखता की काय?

पहिला पाऊस. चर भरून वाहत होता आणि त्यातलं पाणी जवळजवळ स्वच्छ. मी वर उभी राहून ओरडत होते, कुणाला ते माहीत नाही. खाली मात्र माझी चूक. पायाच्या खड्ड्यात साठलेलं पाणी गाळाच्या खड्ड्यात टाकायला पंप लावला होता, आणि फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या ओढायच्या पाइपाचं तोंड, तळाशी, चिखलातच. पंपाने रबडी ओढली आणि सगळी नेऊन गाळाच्या खड्ड्यात ओतली. तो तासाभरात भरला आणि दगडांवरून जे बाहेर आलं ते पहिल्या दिवसासारखंच होतं. पंप चालवणाऱ्यानेच बंद केला. मी सांगायच्या आधी. तोच म्हणाला, तोंड वर तरंगतं ठेवू. रिकामा पाच लिटरचा डबा, झाकण घट्ट, त्याला फूटव्हॉल्व्ह वीतभर खाली बांधला. आता वरचं नितळलेलं पाणी येतं, डबा खाली खाली उतरत जातो आणि चिखल जवळ आला की तो पंप थांबवतो. बाकीचं सुकू देतो.

दुसरा पाऊस बरा गेला. पूर्ण स्वच्छ नाही. कच्च्या रस्त्यावरून अजूनही लाल पाणी येतंय. गेटपाशी १५ मीटर लांब जाड खडी टाकली आहे, खाली तेच कापड, त्यामुळे टायरची माती डांबरी रस्त्यावर जात नाही. पण ३०० मीटरचं काय करायचं हे सुटलेलं नाही. जागोजागी आडवे उतार देऊन पाणी बाजूच्या गवतात काढायचं म्हणतेय.

लिटमसची पट्टी दाखवली. एक गवंडी म्हणाला, "म्हणून माझी बोटं अशी," आणि हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर भेगा, आत पांढरं. सगळ्यांनी आपापले हात बघितले. रबरी हातमोजे दुसऱ्याच दिवशी आले. त्या आधी मी दोनदा मागणी केली होती.

संडास दोन झाले. फळी रोज लागते, ती लावायची पाळी ठरली आहे, का ते मात्र नवीन आलेल्या कुणालाच माहीत नाही. झाडाभोवती ७ मीटरवर दोरी बांधली, बुंधा ५८ सेंटीमीटर निघाला. डंपरना आता दोनदा मागेपुढे करावं लागतं. शिव्या मला पडतात.

खिडकीत परवापर्यंत पाच बाटल्या होत्या. प्रत्येक पावसाच्या दिवशी कापडाच्या बाहेरून एक आणि चराच्या तोंडाशी एक भरते. आजींची पहिली. तिच्यातलं पाणी तेव्हा कुठे नितळलं होतं, तळाला दोन बोटं थर. परवा त्या आल्या होत्या, बाटल्यांकडे बघितलं, दुसऱ्या पावसाची उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. काही बोलल्या नाहीत. पण त्यांची पहिली बाटली मागितली. "चांगली होती," म्हणाल्या. गाळ ओतून, विसळून दिली.

आता एकच विचारते. गाळाचा खड्डा उपसायला झालाय, अर्ध्याच्या वर भरला. तो गाळ टाकू कुठे?

धुमस

मातीच्या ढिगाच्या वरच्या अंगाला, कापडाच्या आत. पातळ पसरा, जाड टाकलात तर महिनाभर सुकत नाही. सुकला की मुरमात मिसळून भरावाला चालेल, पण पायाखाली नको. आणि वरून कोरडा दिसला तरी त्याच्यावर चढू नका. माझा एक बूट अजून तिकडे आहे.